सर्व्हर लिहून उभा करायचा म्हणजे काय

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा एक टेम्पो उतरला. अडत दुकानाच्या दिवाणजींनी आवक नोंदवली, पावती छापली आणि सात वाजता मला फोन केला.

"काय ओ ताई, ही आज पहाटेची आवक हाय. पावतीवर कालची तारीख कशी पडली?"

"बघते दिवाणजी, पाच मिनिटं द्या," म्हणाले खरी, पण रात्रभर जागून डोकं चालत नव्हतं. अडत दुकानांची आवक, तोलाई आणि शेतकऱ्याची पट्टी करणारा आमचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालतो. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला एक अपग्रेड केलं आणि तो सर्व्हर पुन्हा उठलाच नाही. मग नवा सर्व्हर घेतला आणि वहीत लिहून ठेवलेल्या ४१ पायऱ्या एकेक करत पहाटे दोनला सगळं परत उभं केलं. लॉगिन चालत होतं, पट्टी छापत होती, हिशेब जुळत होता. घड्याळ तेवढं चुकलं होतं.

क्लाउडवर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमचं नवं मशीन घेतलं की त्याचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. आपले पहाटेचे ४:१० म्हणजे त्याच्या लेखी आदल्या रात्रीचे १०:४०. सकाळी साडेपाच वाजले की दोन्हीकडची तारीख एक होते, त्यामुळे दिवसा हे कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्रीतून येणाऱ्या मालावर मात्र कालचा शिक्का बसतो. हळदीत तारखेला पैसे आहेत. दर रोज हलतो, आणि पैसे देण्याची मुदतही तारखेवरूनच मोजतात. जुन्या सर्व्हरवर मीच दोन वर्षांपूर्वी एका ओळीच्या कमांडने घड्याळ भारतीय वेळेवर आणलं होतं. वहीत ते लिहिलं नव्हतं.

वहीत नसलेल्या त्या बेचाळिसाव्या पायरीमुळे मी हा विषय मनावर घेतला. याला ऑटोमेटेड प्रोव्हिजनिंग म्हणतात. नाव जड आहे, कल्पना साधी आहे: सर्व्हर कसा असावा ते फाइलमध्ये लिहायचं, आणि ती फाइल वाचून यंत्रानेच तो उभा करायचा. वही वाचून माणसाने काम केलं की एखादी पायरी सुटते, किंवा वहीत नसलेली पायरी माणूस सवयीने करून टाकतो. फाइल वाचून यंत्राने काम केलं तर जे लिहिलंय तेच होतं. लिहिलं नसेल तर होतच नाही, आणि ते पहिल्याच दिवशी कळतं.

मशीन भाड्याचं, पण मांडणी कुणाची?

पब्लिक क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतलं, दुसऱ्याने वीज-पाणी सांभाळलेलं मशीन, तासाच्या हिशेबाने भाड्याने. ॲमेझॉनने २००६ साली ईसी-टू ही सेवा आणली आणि तिथून हा व्यवहार रुळला. आपल्या भागाला त्याचा खरा उपयोग पुढच्या दहा वर्षांत झाला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यात, २०१६ मध्ये ॲमेझॉनने आणि २०१७ मध्ये गूगलने मुंबईत आपापली केंद्रं सुरू केली. आता सांगलीच्या विश्रामबागेत बसून मुंबईतलं मशीन वापरलं तर ते शेजारच्या खोलीत असल्यासारखं चालतं.

आम्ही क्लाउडवर गेलो ते पुरामुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा शहरात शिरली तेव्हा आमचा सर्व्हर ऑफिसमध्ये टेबलाखाली होता. तो उचलून वरच्या मजल्यावर नेला. मशीन वाचलं, पण वीज नव्हती आणि ऑफिसकडे जायला रस्ताही नव्हता. पाणी ओसरल्यावर पहिलं काम केलं ते सगळं मुंबईच्या मशीनवर हलवण्याचं. तेव्हा वाटलं, आता काळजी मिटली. मशीनची मिटलीच होती. पण त्यावर काय बसवलंय, कोणती सेटिंग्ज आहेत, कोणतं दार उघडं आणि कोणतं बंद, हे ज्ञान माझ्या डोक्यात आणि त्या वहीतच राहिलं होतं. पूर येऊ दे किंवा अपग्रेड फसू दे, अडतं ते याच ठिकाणी.

क्लाउड कंपनीच्या वेबसाइटवर बटणं दाबून सर्व्हर घेता येतो, आणि पहिल्यांदा सगळे तसाच घेतात. मात्र त्या प्रत्येक बटणामागे एक एपीआय असतो. एपीआय म्हणजे प्रोग्रॅमने प्रोग्रॅमला ठरावीक भाषेत केलेली मागणी. आपण बटण दाबतो तेव्हा वेबपेज तीच मागणी पुढे पाठवतं. मग बटणाऐवजी आपल्या फाइलमधून ती पाठवायला काहीच हरकत नाही. सगळी ऑटोमेशनची साधनं या एका गोष्टीवर उभी आहेत.

यांतलं सर्वांत रूढ साधन म्हणजे २०१४ मध्ये आलेलं टेराफॉर्म. २०२३ मध्ये त्याच्या कंपनीने लायसन्स बदलून काही बंधनं घातली. त्यावर अनेकांनी मिळून त्याची मुक्त आवृत्ती वेगळी काढली, ती ओपनटोफू. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०२४ च्या जानेवारीत आली आणि ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. शिकणाऱ्याने यात अडकून पडू नये. दोन्हींत फाइल लिहिण्याची पद्धत जवळपास एकच आहे. आम्ही ओपनटोफू वापरतो, कारण उद्या लायसन्सच्या अटी बदलतील ही धास्ती मला नको होती.

पोतं पन्नास किलोचं असावं

फाइलमध्ये काय लिहायचं, हे समजलं की निम्मं काम झालं. नवशिक्यांची गल्लतही इथेच होते.

हमालाला सांगण्याचे दोन प्रकार आहेत. एक: "या पोत्यात दहा किलो हळद टाक." दुसरा: "हे पोतं पन्नास किलोचं असू दे." पहिला हुकूम चुकून दोनदा गेला तर पोत्यात दहा किलो जास्त पडते. दुसरा दहा वेळा दिला तरी पोतं पन्नासचंच राहतं. कमी असेल तर तो भरेल, जास्त असेल तर काढेल, बरोबर असेल तर हात लावणार नाही.

माझ्या वहीतल्या पायऱ्या पहिल्या प्रकारच्या होत्या: हे कर, मग ते कर. निम्म्यावर काही फसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नव्हती, कारण अर्ध्या गोष्टी आधीच झालेल्या असायच्या. टेराफॉर्म किंवा ओपनटोफूच्या फाइलमध्ये दुसऱ्या प्रकारे लिहितात. आमची फाइल मराठीत सांगायची तर साधारण अशी आहे: मुंबई केंद्रात एक सर्व्हर असावा. त्याला दोन सीपीयू आणि चार जीबी मेमरी असावी. त्यावर उबुंटू २४.०४ असावं. ४० जीबीची डिस्क असावी. बाहेरून फक्त ८० आणि ४४३ हे पोर्ट, म्हणजे वेबसाइटसाठी आत यायची दारं, उघडे असावेत. त्याला इंटरनेटवरचा एक कायमचा पत्ता (आयपी ॲड्रेस) असावा. कुठेही 'कर' नाही, सगळीकडे 'असावं'. आत्ता काय आहे आणि काय असायला हवं यातला फरक काढून तेवढंच काम करायची जबाबदारी साधनाची.

पोर्ट २२ या यादीत नाही, हे जाणत्यांच्या लगेच लक्षात येईल. एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय, त्याच दाराने येतं, आणि घाईत असताना लोक ते साऱ्या जगाला उघडं ठेवतात. असा सर्व्हर चालू करून लॉगिनच्या नोंदी बघा. थोड्याच वेळात अनोळखी पत्त्यांवरून पासवर्डचे अंदाज बांधणं सुरू झालेलं दिसेल. आपल्याकडच्या ब्रॉडबँडचा पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून 'फक्त ऑफिसच्या पत्त्याला परवानगी' हाही उपाय रोज त्रास देतो. आम्ही व्हीपीएनमधूनच, म्हणजे खासगी कुलूपबंद वाटेनेच, आत जातो.

गोदामाची वही

आता सगळ्यांत नाजूक भाग. याला स्टेट म्हणतात आणि इथे घाई केली की मोठं नुकसान होतं, म्हणून सावकाश सांगते.

गोदामाचा विचार करा. तीन गोष्टी असतात. मालकाने दिलेली यादी, म्हणजे गोदामात काय असायला हवं. प्रत्यक्ष थप्पी, म्हणजे खरोखर काय आहे. आणि मधली स्टॉकची वही, म्हणजे आपण काय आणून ठेवलं त्याची नोंद. आपली फाइल म्हणजे मालकाची यादी. क्लाउडवरची मशीनं म्हणजे थप्पी. स्टेट फाइल म्हणजे स्टॉकची वही. फाइलमध्ये 'मुख्य सर्व्हर' असं आपण दिलेलं नाव आणि क्लाउड कंपनीने दिलेला त्याचा लांबलचक क्रमांक, यांची जोडी या वहीत असते.

वही हरवली तर काय होतं? थप्पी जागेवरच असते, पण साधनाला वाटतं गोदाम रिकामं आहे. यादीतला सगळा माल ते नव्याने मागवतं. सर्व्हर दोन, डिस्क दोन, बिलही दुप्पट. आणि जुनी मशीनं कुणाच्याच हिशेबात नसल्याने ती बंद करायचंही कुणाला सुचत नाही. म्हणून ही वही स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवू नका. क्लाउडवरच्या बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या फाइली साठवायच्या जागेत, ठेवा आणि त्या बकेटला व्हर्जनिंग लावा, म्हणजे वही बिघडली तर कालची प्रत काढता येते.

दोन दिवाणजी एकाच वेळी एकाच वहीत लिहायला लागले तर हिशेब बिघडणारच. त्यासाठी वहीला कुलूप असतं. एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला थांबावं लागतं. पूर्वी ॲमेझॉनवर या कुलपासाठी वेगळं टेबल बनवावं लागे, आता नव्या आवृत्त्यांत बकेटमध्येच सोय झाली आहे. आमच्याकडे दोघीच काम करतो, तरी कुलूप लावलं आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. डेटाबेसचा पासवर्ड तुम्ही साधनाकरवी ठरवलात तर तो बहुतेक वेळा या वहीत उघड्या अक्षरांत लिहिला जातो. ज्याला वही वाचता येते त्याला पासवर्डही वाचता येतो. म्हणून ती गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात, कधीही टाकायची नाही. ओपनटोफूमध्ये संपूर्ण स्टेटच कुलूपबंद लिपीत ठेवायची सोय आहे, ती जरूर वापरा.

कुणीतरी घाईत वेबसाइटवर जाऊन बटण दाबून एखादं पोर्ट उघडतं. म्हणजे वहीत न लिहिता गोदामातून पोतं हलवलं. याला ड्रिफ्ट म्हणतात. पुढच्या वेळी साधन तपासणी करतं तेव्हा त्याला फरक दिसतो आणि ते पोर्ट बंद करायला निघतं. तिथे साधनावर चिडण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी फाइल लिहिली त्या दिवसापासून बटणांना हात लावायचा नाही, ही शिस्त सगळ्यांनी पाळली तरच हे सगळं चालतं. आम्ही तर वेबसाइटच्या लॉगिनला फक्त बघण्याचेच हक्क ठेवले आहेत.

प्लॅन वाचायला शिका

बदल करण्याआधी 'प्लॅन' नावाची कमांड चालवायची असते. ती काहीच बदलत नाही. काय बदलणार आहे ते फक्त सांगते. शेवटच्या ओळीत तीन आकडे येतात: किती नवं होणार, किती बदलणार, किती पाडलं जाणार. पटलं तर मग 'अप्लाय'.

एका संध्याकाळी मला फक्त एका पोर्टचा नियम बदलायचा होता. प्लॅन चालवला. एक बदल दिसेल अशी अपेक्षा होती. आलं काय: नवं १, बदल १, पाडणार १. वर सरकवत गेले तर मुख्य सर्व्हरच्या नावाशेजारी वजा आणि अधिक ही दोन्ही चिन्हं एकत्र होती. त्याचा अर्थ हे मशीन पाडून त्याच्या जागी नवं उभं राहणार. खाली एका ओळीशेजारी कारण होतं, 'फोर्सेस रिप्लेसमेंट'. ती ओळ होती उबुंटूच्या इमेजची, म्हणजे मशीन ज्या तयार साच्यावरून बनतं त्याची.

झालं असं होतं, की फाइलमध्ये मी 'उबुंटू २४.०४ ची सर्वांत ताजी इमेज' असं लिहिलं होतं. लिहिताना शहाणपणाचं वाटलं होतं. पण या इमेजच्या ताज्या प्रती वरचेवर निघतात. मधल्या काळात नवी निघाली होती. चालू मशीनखालची इमेज बदलता येत नाही, म्हणून साधनाच्या दृष्टीने उपाय एकच: मशीन नवं घ्यायचं. मी न वाचता 'येस' टाइप केलं असतं, तर ऐन हंगामात पोर्टच्या एका नियमापायी सर्व्हर गेला असता.

आता इमेजचा नेमका क्रमांक लिहिलेला असतो, आणि तो कधी बदलायचा ते आम्ही ठरवतो. डेटाबेसला 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' ही ओळ लावली आहे. ती असली की पाडापाडीचा प्लॅन तिथेच अडतो. पण या ओळीवर विसंबून राहू नका. फाइलमधून डेटाबेसचा पूर्ण मजकूरच कुणी पुसला, तर ही ओळही त्याच्यासोबत जाते आणि अडवायला कुणी उरत नाही. म्हणून क्लाउड कंपनीच्या बाजूचं डिलीट-संरक्षणही चालू ठेवायचं.

माझ्यासोबत काम करणारी मुलगी नुकतीच इंजिनिअरिंग करून आली आहे. तिने पहिल्या आठवड्यात विचारलं, "ताई, रोज तेच ते का वाचायचं?" तिला मी हाच जुना प्लॅन उघडून दाखवला आणि त्यातलं वजा चिन्ह शोधायला सांगितलं. तिला तीन मिनिटं लागली. तेव्हापासून शेवटचा आकडा शून्य नसेल तर ती मला हाक मारते.

मशीन आलं, आतली मांडणी?

अप्लाय संपलं, साधन म्हणालं 'पूर्ण झालं'. याचा अर्थ क्लाउड कंपनीने मशीन दिलं, एवढाच. आत अजून काही नसतं. भाड्याच्या गाळ्याची किल्ली मिळाली, फळ्या लावायच्या आहेत.

पहिली मांडणी क्लाउड-इनिट नावाचं साधन करतं. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये ते आधीपासूनच असतं. मशीन पहिल्यांदा चालू होताना ते १६९.२५४.१६९.२५४ या खास पत्त्यावर विचारणा करतं: "माझ्यासाठी काही निरोप आहे का?" हा पत्ता मशीनच्या बाहेर इंटरनेटवर कुठेच नाही, क्लाउड कंपनी तो आतल्या आत पुरवते. आपण मशीन मागताना जोडलेला निरोप तिथे मिळतो. त्यात लिहायचं: ही पॅकेजेस बसव, हा वापरकर्ता बनव, ही किल्ली ठेव. आमच्या निरोपातली पहिली ओळ आहे, 'टाइमझोन: एशिया/कोलकाता'. त्या रात्रीची बेचाळिसावी पायरी ती हीच. (प्रोग्रॅमने वेळ यूटीसीतच साठवावी आणि दाखवताना भारतीय करावी, हा त्यावरचा खरा उपाय. तोही आम्ही पुढे केला. पण सर्व्हरचं घड्याळ लिहून ठरवलेलं असणं तरीही हवंच.)

यात तीन खाचखळगे आहेत. हा निरोप बहुतांशी पहिल्या बूटलाच वाचला जातो. चालू मशीनसाठी तो नंतर बदलून उपयोग नाही. ॲमेझॉनवर त्याची मर्यादा १६ केबी आहे, म्हणून त्यात अख्खा प्रोग्रॅम कोंबू नये. आणि तिसरा, ज्याने माझा एक दिवस खाल्ला: निरोपात चूक असेल तर बाहेर काहीच कळत नाही. टेराफॉर्म हिरव्या अक्षरांत यश सांगतं आणि आत अर्धवट मांडलेलं मशीन बसलेलं असतं. काय झालं ते मशीनच्या आत, लॉगच्या फोल्डरमध्ये 'क्लाउड-इनिट-आउटपुट' नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आधी तिथे बघा. आणि पुढचं काम सुरू करण्याआधी क्लाउड-इनिटला 'तुझं झालं का' विचारून थांबायची कमांड आहे, ती आपल्या स्क्रिप्टमध्ये घालाच.

नंतरची, म्हणजे रोजच्या चालू मशीनवरची मांडणी आम्ही ॲन्सिबलने करतो. २०१२ मध्ये आलेलं हे साधन एसएसएचवरून आत जातं, सर्व्हरवर स्वतःचा कुठलाही एजंट (मदतनीस प्रोग्रॅम) बसवावा लागत नाही, हे मला फार आवडतं. वेब सर्व्हरची सेटिंग्ज, आमचा प्रोग्रॅम, रात्रीचा बॅकअप, सगळं त्याच्या याद्यांमध्ये आहे. इथेही तोच पोत्याचा नियम. यादी नीट लिहिली आहे की नाही याची सोपी परीक्षा म्हणजे ती लागोपाठ दोनदा चालवायची. दुसऱ्या वेळी शेवटी 'चेंज्ड' च्या पुढे शून्य यायला हवा. दर वेळी काहीतरी बदलत असेल, तर कुठेतरी 'दहा किलो टाक' असं लिहिलेलं राहिलंय.

माल पेवात ठेवा

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं राहायची. वरचं दुकान बदलो, मालक बदलो, माल खाली सुखरूप.

सर्व्हर आणि डेटा यांचं नातं तसंच ठेवायला हवं. फाइलमधून सर्व्हर कितीही वेळा नवा करता येईल, पण शेतकऱ्याची पट्टी कुठल्याच फाइलमधून पुन्हा तयार होत नाही. म्हणून ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालतो त्यावर डेटा ठेवायचाच नाही. आमचा डेटाबेस वेगळा आहे. त्याची रोज रात्री एक प्रत बकेटमध्ये जाते, आणि तीच दुसऱ्या केंद्रात, हैदराबादला. महिन्यातून एकदा ती प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून बघतो आणि ठरावीक पाच दुकानांची मागच्या महिन्याची पट्टीसंख्या छापील रजिस्टरशी ताडतो. हे ऑटोमेशनचं काम नाही, पण ते केल्याशिवाय बाकीच्या ऑटोमेशनवर मी विसंबणार नाही.

किल्ल्या आणि बिल

साधनाने आपल्या नावाने मशीनं मागायची, तर त्याला क्लाउडची किल्ली द्यावी लागते. ही किल्ली फाइलमध्ये लिहून ती फाइल गिटवर सर्वांसाठी खुली टाकली गेली, तर अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट ती उचलतात आणि तुमच्या खात्यावर भलतीकडे मोठमोठी मशीनं चालू करतात. तसं झालंच तर गिटमधली ओळ पुसण्यात वेळ घालवू नका, गिटच्या इतिहासात ती राहतेच. आधी क्लाउडवर जाऊन ती किल्ली रद्द करा. मुळात कायमची किल्ली न ठेवता थोड्या वेळापुरती मिळणारी परवानगी वापरणं हा चांगला मार्ग आहे, आणि आता सगळे मोठे क्लाउड ती देतात. मुख्य खात्याला ओटीपीसारखं दुसरं कुलूप हवंच.

बिलाबद्दल एक गैरसमज फार ऐकते, की मशीन बंद केलं की पैसे थांबतात. मशीनचं भाडं थांबतं, डिस्कचं चालू राहतं. ॲमेझॉनवर २०२४ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो, वापरा किंवा न वापरा. महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर होतात, आणि असे विसरलेले चार-पाच पत्ते निघतात.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी चाळिसाला आलं की नदीकाठची माणसं सामान हलवायला लागतात, पंचेचाळिसाची वाट बघत नाहीत. बिलाच्या सूचना तशाच दोन पातळ्यांवर लावा. पहिली महिन्याच्या अंदाजाच्या बरीच खाली, दुसरी जरा वर. या सूचना काही तास उशिरा येतात आणि स्वतःहून काही बंद करत नाहीत, हे धरून चाला.

हंगामाचा फायदा इथे खरा कळतो. फेब्रुवारीपासून तीन-चार महिने हळदीची आवक जोरात असते. तेव्हा फाइलमधला मशीनचा आकार एका ओळीत वाढवतो, जूनमध्ये परत उतरवतो. आकार बदलताना मशीन काही मिनिटं बंद होऊन पुन्हा चालू होतं, म्हणून ते रात्री साडेअकराला करतो, टेम्पो यायच्या आधी.

सुरुवात करायची असेल तर चालू सर्व्हरला हात लावू नका. सगळ्यांत लहान मशीन घ्या, त्यावर एक साधं पान दाखवणारा वेब सर्व्हर, एवढंच फाइलमध्ये लिहा. प्लॅन, अप्लाय. मग 'डिस्ट्रॉय' चालवून सगळं पाडा आणि पुन्हा उभं करा. दुसऱ्यांदा उभं करताना एकदाही वेबसाइटचं बटण दाबावं लागलं नाही, तर फाइल पुरी झाली. दाबावं लागलं, तर ते बटण कुठलं ते लिहून घ्या, ती तुमची बेचाळिसावी पायरी. आमच्याकडे आजही दर तीन महिन्यांनी चाचणीची प्रत पाडून पुन्हा बांधतो. मी खोलीबाहेर थांबते, ती मुलगी फक्त फाइलींवरून बांधते. वहीने आठ तास लागले होते, आता बारा-तेरा मिनिटं लागतात, आणि त्यातली बरीचशी डेटा परत चढवण्यात जातात. झालं की ती पहाटे ४:१० ची एक खोटी आवक टाकते आणि पावतीवरची तारीख बघते. मग सगळं पाडून टाकते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिलाचं पान उघडून एखादी डिस्क किंवा पत्ता मागे राहिला नाही ना, ते तपासते.